पाटोडीतलं मीठ

कापसाले सोन्याचा भाव आला तेव्हापासून आमच्या घरात कोणी सरळ बोलत नव्हतं. साहेबाच्या मुलखात कापसाचा दुष्काळ पडला म्हणे, आणि इथं बार्शीटाकळीत सख्ख्या माणसांचे डोळे फिरले. माझे मालक वारल्यावर त्यांच्या हिश्शाचं वावर माझा धाकटा दीर वाहत होता. माल मात्र वेगळा ठेवायचा, वेगळा विकायचा, असं चार लोकांसमोर ठरलेलं. माझ्या दोन पोरींचं पोट त्याच कापसावर होतं.

एका बुधवारी दीर सांगत आला की अकोल्याचा दलाल जेवायले येऊन राहिला, उद्या कापूस तोलायचा हाये, आणि स्वयंपाक अळणी करा, त्याचं व्रत हाये. मी म्हटलं, रविवारचं अळणी मले ठाऊक हाये, हे बुधवारचं कोणत्या देवाचं? तर म्हणे, वहिनी, तुमाले काय करायचं हाये, रांधा.

रांधा काय रांधा! सकाळीच त्या दलालाले मी निंबाखाली खारे फुटाणे खाताना पाह्यलं होतं, आमच्याच दिराच्या खांद्याले खांदा लावून. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याचा गळा कापता येत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालेही कळते. मंग हा माणूस आमच्या घरचंच मीठ काहून टाळून राहिला? माझ्या डोक्यात भुणभुण सुरू झाली ती काही केल्या थांबेना.

मी पाटोडी करायले घेतली. बेसन, हळद, तिखट, जिरं, लसूण घालून घोटलं, आणि त्यात पूर्णेकाठच्या खाऱ्या विहिरीचं मीठ टाकलं, चांगलं मूठ वळून. मग ते ताटात थापलं, थंड झाल्यावर वड्या पाडल्या आणि जवसाच्या तेलात तळल्या, दाताखाली कुर्रकुर्र वाजतील अशा. रस्सा मात्र चिंचेचा न् गुळाचा, वरून तीळ-खोबरं, आणि त्यात मिठाचा कणही नाही. जिभेले आधी गोड लागावं, आंबट लागावं, आणि खारट कळेपर्यंत घास पुढं गेलेला असावा, असा माझा हिशेब. वाढतानाच रस्सा वरून सोडला, वड्या मऊ पडू नये म्हणून.

दलालानं पहिली वडी मोडली, खाल्ली, न् हात थांबला. उठला तर दीर मले घराबाहेर काढल्याशिवाय राहायचा नाही. दीर आपला खुशीत, अजून नुसता रस्साच भुरकत, गूळ कसा झकास लागला म्हणून सांगून राहिला. दलालानं एकदा माझ्याकडं पाह्यलं, मग खाली मान घालून ताट पुसून खाल्लं.

दीर पान आणायले आत गेला. मी दलालाच्या हातावर पाणी घातलं.

"बाई, मीठ होतं," तो हळूच म्हणाला.

"होतं."

"आता गिळलं. उद्या काट्यापाशी सोता उभ्या राहा. तुमचा माल त्याच्या मालात मिसळून त्याच्याच नावावर तोलायचं ठरलं हाये आमचं."

दुसऱ्या दिवशी मी काट्यापाशी जाऊन उभी राहिली. दीर गुरगुरला, बाईमाणसाचं इथं काय काम, लोक हसतील. म्हटलं, हसू द्या. माझा कापूस वेगळा तोलला गेला, माझ्या नावानं. तोलून होईपर्यंत दलालानं मान वर केली नाही.

घरी येताना मले रडू आलं, निव्वळ संतापानं. तो परका माणूस, एका जेवणाची त्याले लाज वाटली. आमचा दीर तर मी या घरात आली तेव्हापासून माझ्याच हातचं जेवून राहिला होता, आणि त्याच्या घशात कधी काही अडकलं नाही. त्याच संध्याकाळी मी चूल वेगळी मांडली.