पतीचं नाव

आमच्या शेजारची सून फिलिपिन्सची. दुबईच्या दवाखान्यात नर्स होती, तिथेच शेजाऱ्यांच्या मुलाशी जमलं. इथे राजपुऱ्यात आल्यापासून अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते आणि प्रत्येक वाक्याला 'ना काकू' जोडते. केळीवाल्याला मात्र एकटीच पुरते. "आमच्या गावात पण केळी होतात, मला शिकवू नको!"

परवा तिच्या नागरिकत्वाचा अर्ज भरायला मी सोबत गेले. कॉम्प्युटरवरच्या पोराने विचारलं, "पति का नाम?"

ती गप्प. त्याने पुन्हा विचारलं, मग संशयाने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, हे कसलं लग्न?

मी तोंड उघडणार, तोच तिने माझा हात दाबला. डोक्यावर ओढणी घेतली.

"समुद्र मागे राहिला, सोबत आणलं हसू,
दिनेशरावांच्या घरी मला आईसारखी सासू."

सासूनेच बजावलं होतं, नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं. आम्ही इथल्या बायका तर नवऱ्याला खुशाल नावाने हाका मारतो!

पोराने हसत 'दिनेश' टाइप केलं. पुढचा रकाना राष्ट्रीयत्वाचा होता. तिथे तो थांबला आणि माफी मागितल्यासारखा म्हणाला, "ताई, इथे फिलिपिन्सच टाकावं लागेल. अभी तो."