बुटक्या लायलॅकची छाटणी

ख्राइस्टचर्चला मी ज्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहायचो, त्यांच्या दाराशी बुटक्या लायलॅकची चार फुलझुडपं होती, कमरेएवढी. दोन हजार पाचच्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, त्यांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. आमच्या नाशिककडे द्राक्षवेल कडक छाटली की मगच माल येतो. आठवीत शाळा सोडून मी तेच काम केलेलं. बाईंचे उपकार फार होते. म्हटलं, आपणही काही करावं. त्या बाजारात गेल्या आणि मी कात्री घेतली.

त्या परतल्या तेव्हा तीन झुडपं गुडघ्याएवढी झाली होती.

"अरे थांब! तुझ्या हातात कात्री दिली कोणी? सगळी फुलं कापलीस!"

"फुलं कुठायत? काड्याच आहेत."

म्हणालो खरा. पण आता खोली गेलीच, असं वाटलं. बाईंनी पडलेली काडी उचलली, टोकाचा ज्वारीएवढा डोळा, म्हणजे मिटलेला कोंब, नखाने चिरला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आत हिरवट कळ्यांचा इवलासा घोस होता, राईहून बारीक. वसंताची फुलं आधीच्या उन्हाळ्यातच तयार होऊन बर्फगार थंडीत अशी दडून बसलेली! गावी आम्ही डोळे मोजूनच कात्री लावायचो. पण एकही उघडून पाहिला नव्हता. मला तळहात मिटवेना.

"चौथ्याला हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "फुलून गेलं की नोव्हेंबरात छाट. तूच छाट, पण मला विचारून."

नोव्हेंबरात! म्हणजे तोवर तरी मी तिथेच राहणार होतो.