कापलेल्या ओळीतलं विमान

विमानाची ती गोष्ट आमच्या खोऱ्यात अजून सांगतात. परवा एका लग्नात कुणीतरी मलाच ती सांगायला बसला, आणि मी मान हलवत ऐकून घेतली. काय करणार? गोष्ट जन्मली आमच्याच अंगणात, आणि तिला खाऊपिऊ घालण्यात माझाही हात होता.

माझं माहेर सांगलीकडचं, नदीकाठच्या काळ्या रानातलं. पाटणच्या डोंगरात सून म्हणून आले आणि वर्षभरातच आमचे मालक लढाईवर गेले. सासरे पहिल्या लढाईचे पेन्शनर. घरातलं माणूस पलटणीत पाहिजे हा त्यांचा हट्ट, तो थोरल्या लेकानं पुरा केला. मागं राहिले धाकटे भावजी, माझे दीर. माझ्याच वयाचे, उंच, सदा हसरे. त्यांना सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं, “एक दिला सरकारला. तू माझा हाईस. भरतीचं नाव काढशील तर माझं तोंड बघू नगंस.” मामंजी यावर काही बोलत नसत, नुसता मिशीवरून हात फिरवत. त्या हाताला सासूबाई फार भ्यायच्या.

मालकांचं पत्र आलं की शाळेचे मास्तर आमच्या अंगणात बसून ते मोठ्यानं वाचत. निम्मा गाव जमायचा. बायकोला वेगळं पत्र लिहायची रीत नव्हती. शेवटी ‘सर्वांस नमस्कार’ असायचा, त्यात माझा काय तो वाटा. मला असा राग यायचा! पण दाराआड उभी राहून मीही कान टवकारून ऐकायचीच.

पाऊस सरता सरता एक पत्र आलं. मास्तरांनी कागद उलगडला आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसला. मधल्या दोन ओळी चौकोनी कापून काढलेल्या. त्याच्या वर होतं, ‘येथे आम्ही मैदान सपाट करतो. विमाने येतात जातात. एक गोष्ट सांगावयाची आहे ती अशी की’, आणि त्याच्या खाली एकदम, ‘बाकी सर्व ठीक आहे.’ पाठीमागच्या बाजूला सासूबाईंना केलेला नमस्कार होता, तोही त्यात गेला. “माझ्या नमस्कारानं सरकारचं काय घोडं मारलं हुतं?” त्या कितीतरी दिवस म्हणत राहिल्या.

मास्तर मात्र आवाज खाली आणून म्हणाले, “सरकारी कात्री आहे ही. लष्करी गुपित असणार. विमानाचं.”

झालं! अहो, सरकारला विमान लपवायचं असतं तर ‘विमाने येतात जातात’ हेच आधी कापलं नसतं का? एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही नाही.

त्या दोन ओळींच्या जागेत हळूहळू एक विमान तयार झालं. कुणी म्हणालं, त्याला आवाज नाही. कुणी म्हणालं, ते काचेचं आहे, आभाळ आरपार दिसतं. एका धनगरानं शपथेवर सांगितलं की भर दुपारी सगळी मेंढरं एकदम माना वर करून बघत राहिली आणि वर काहीच नव्हतं. शिराळ्याच्या बाजारातून बातमी आली की त्याची सावली पडते, ते स्वतः दिसत नाही. एकजण तर म्हणाला, ते महाबळेश्वरच्या ढगांत दडवून ठेवतात, म्हणून तर तिथं एवढा पाऊस पडतो. आणि ते चालवणारे कोण? आमचे मालक! मैदान सपाट करणारा माणूस महिन्याभरात वैमानिक झाला. मामंजी जुना कोट घालून चावडीवर बसायला लागले. मी पाणवठ्यावर गेले की बायका मला आधी घागर भरू द्यायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

गावाच्या वर सडा आहे, कातळाचं लांबरुंद पठार. आश्विनात तिथं पिवळी आणि जांभळी फुलं येतात, पाय कुठं ठेवावा कळत नाही. भावजी आणि मी गवत कापायला वर गेलो होतो. धुकं येत होतं, जात होतं. खालचं खोरं मधेच नाहीसं व्हायचं, मग नदी तेवढी दिसायची, गाव नाही. इतकं शांत की गवताचे कीटकसुद्धा थांबलेले. तेवढ्यात एक मोठी सावली फुलांवरून सरकत आली. आमच्या अंगावरून गेली, गार वाटलं, आणि कड्यावरून खाली उतरली. वर बघितलं तर धुक्याच्या फटीतून निळं आभाळ.

भावजी तिच्यामागं कड्यापर्यंत धावले. परत आले ते धापा टाकत. “वैनी, दादा आसंल त्यात?”

ढगाची सावली होती हो ती, दुसरं काय असणार? पण त्या घटकेला मला खरंच वाटलं की ते वरून बघताहेत. वर्षभर माझ्या नावानं एक शब्द आला नव्हता. मी म्हणाले, “हायतच की. मला हात केला त्यांनी. दिसला न्हाई तुमास्नी?”

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे मला अजून दिसतात.

चार दिवसांनी भावजी खत आणतो म्हणून साताऱ्याला गेले आणि भरती झाले. सासूबाईंनी दोन दिवस चूल पेटवू दिली नाही. मामंजींचा हात मिशीपर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

भावजींनी लढाई बघितलीच नाही. कवायतीच्या तळावरच तापानं गेले. तार आली, मास्तरांनी वाचली, या खेपेला हळू. मामंजी उठून गोठ्यात गेले. सासूबाई रडल्या नाहीत. कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं होतं, “आवं, त्या विमानावर घेतलेल्या मान्सांचं आसंच कळवत्यात. गुपित ऱ्हावं म्हणून.” त्यांनी ते घट्ट धरलं. पोळी केली की एक भावजींच्या नावानं बाजूला काढून ठेवायच्या. मी कोण त्यांना सांगणार? सड्यावरचं माझं मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी सड्यावर गेले नाही.

लढाई संपली आणि एका सकाळी मालक आले. काळवंडलेले, हातांना घट्टे. भावाची बातमी त्यांना पत्रानं कळली होती. माणसं विमानाचं विचारायला लागली तेव्हा ते नुसते बघत राहिले. आत आल्यावर मला म्हणाले, “कसलं विमान? दोन वर्सं खडी फोडली मी.”

मी ट्रंकेतून पत्र काढून पुढं केलं. सगळं सांगितलं, सरकारी कात्रीपासून मी सड्यावर मारलेल्या थापेपर्यंत. ते कागद हातात घेऊन खाली बसले.

“ह्ये सरकारनं न्हाई कापलं,” ते म्हणाले. “मी कापलं. दाढीच्या पात्यानं.”

“काय लिवलं हुतं?”

“धाकट्याला भरती हुऊ देऊ नगा. हितं मानसं किड्यावानी मरत्यात.” त्यांनी कागद उलटा केला. मग म्हणाले, “मास्तर सगळ्यांम्होरं वाचणार. आपल्या आबांची मान खाली जाईल. म्हनून काढून टाकलं.”

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. आम्ही दोघं त्या कागदाकडं बघत बसलो.

सासूबाई कधी दारात आल्या कळलं नाही. त्यांनी काय ऐकलं, काय नाही, देव जाणे. लेकाजवळ येऊन टेकल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“धाकटा तुज्या विमानात हाय न्हवं?”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

“व्हय, आई.”

“मग तू आलास, त्यो का न्हाई आला?”

“त्याची पाळी हाय. लय वर आसतंय त्ये. हितनं दिसत न्हाई.”

सासूबाईंनी मान डोलावली.

“आन् जेवाय?”

“मिळतं, आई,” मालक म्हणाले. “गरम मिळतं.”