वर्तणुकीचा रकाना

पद: तलाव परिचर, कंत्राटी, मुदत अकरा महिने. वय: चोपन्न. हाक: मामा. कर्तव्ये: पाण्यावरचा कचरा जाळीने काढणे, औषध टाकणे, ओली फरशी पुसणे व वरिष्ठ सांगतील ती इतर कामे. सदर इसमास खेळाडूंच्या वर्तणुकीवर लेखी अभिप्राय देण्याचा अधिकार राहील.

हा शेवटचा अधिकार क्लबच्या एका जुन्या अध्यक्षांनी दिला. त्यांचं म्हणणं, प्रशिक्षकासमोर सगळेच गुणी बाळ असतात. फरशी पुसणाऱ्याला विचारा. कल्पना नामी होती, म्हणून ती कागदावरच राहिली. शिबिरासाठीच्या निवडीच्या अर्जात तळाशी तसा रकाना असे आणि मामा दरवर्षी त्यात सगळ्यांसाठी ‘समाधानकारक’ लिहीत.

मग ‘मासा’ आला. वय एकोणीस, पाण्यात उतरला की बघत राहावं असा. पाण्याबाहेर आला की बघवत नसे. मामांच्या खांद्यावर तो ओला टॉवेल फेकी, खुंटीवर फेकावा तसा. पोहून झालं की घसा खाकरून पाण्यातच थुंके आणि बोट दाखवी.

“ए मामा, तो बघ, तुझ्यासाठी ठेवलाय. आण जाळी.”

बाकीची पोरं हसत. मामा जाळी आणत. पाण्यावर तरंगणारी ती हिरवट गाठ जाळीत येत नाही, ओघळते. पुन्हा जाळी घालावी लागते.

मामांनी एकदा प्रशिक्षकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “हिरा आहे हो तो! थोडे पैलू पडायचे राहिलेत.”

“हिरा असेल, सर. पण शेंबडासकट?”

प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवून विषय संपवला.

निवडीचे अर्ज आले तेव्हा कंत्राट संपायला महिना उरला होता. बायको म्हणाली, “लिहा गपगुमान समाधानकारक. तुम्हाला काय शर्यतीत उतरायचंय?”

“रोज त्याची थुंकी काढतो मी. आता कागदावरही पुसून काढू?”

“नोकरी गेली तर मग माझ्यापुढे हे ऐकवू नका.”

मामांनी लिहिलं: “पोहणे उत्तम. पाण्यात थुंकतो व मला उचलायला लावतो. बाहेर शिबिराला पाठवू नये.”

प्रशिक्षकांनी खाली सही केली. रकान्यात काय असतं ते त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं. निवड समितीलाही पाठ असावं. मासा शिबिराला गेला. नवव्या दिवशी पात्रतेची वेळ अर्ध्या सेकंदाने हुकली, तेव्हा तो घड्याळ धरणाऱ्या बाईंच्या तोंडावर थुंकला. संध्याकाळी त्याला घरी धाडलं.

प्रशिक्षकांनी मामांना बोलावलं. “एवढं माहीत होतं, तर आधी सांगायला काय झालं होतं?”

“लिहिलं होतं, सर.”

“लिहून काय होतं! तोंड नाही का तुम्हाला?”

आठवड्याने पत्र आलं: खेळाडूच्या वर्तणुकीबाबत वरिष्ठांस वेळीच तोंडी अवगत न केल्याने मुदतवाढ देता येत नाही. मासा मात्र शिबिरातून परतल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून तलावावर होता. हिरा कोण फेकतं?

मामा आता एका इस्पितळात फरशी पुसतात. तिथेही लोक थुंकतात.