बर्फाआधीची दुपार

माझा थोरला भाऊ व्हर्लिन देवाधर्माच्या बाबतीत जरा ढिलाच होता, पण हरणांच्या बाबतीत भलताच कडक. बर्फ पडायच्या आधीच्या दुपारी मचाण सोडायचं नाही, म्हणजे नाही. हवेचा दाब उतरायला लागला की हरणांना कळतं, आता दोन दिवस झाडीत बसून काढायचे आहेत. मग ती दिवसाउजेडीच चरायला बाहेर पडतात. वारा वायव्येचा असला की आणखी छान, कारण मग आपला वास दलदलीत बसलेल्या हरणांकडे जात नाही. आणि सूर्य कलल्यावर जंगलात कुणी पाऊल टाकायचं नाही. त्या शेवटच्या तासात आत शिरलेल्या माणसाला आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात वर्षभर टोमणे खावे लागतात.

त्याची बायको अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. बंदूक तिने कधी हातात धरली नाही, पण आणलेलं हरीण सोलून, कापून, त्याचे सॉसेज भरून ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंडही तसंच चालायचं. "तुम्ही दोघं भाऊ घरात आलात की निम्मी दलदल येते माझ्या फरशीवर," असं म्हणायची आणि कॉफी ओतायची. मला तिचा धाक वाटायचा, आणि तिच्याकडे जेवायला बरंही वाटायचं.

ज्या वर्षी व्हर्लिन गेला, त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच शनिवारी तशी दुपार आली. आभाळ शिशासारखं, वारा वायव्येचा. व्हर्लिन पोरासारखा खूश होऊन मक्याच्या शेतापलीकडच्या मचाणावर गेला, मी माझ्या मचाणावर. त्याच्या हृदयाच्या गोळ्या मात्र स्वयंपाकघरातल्या खिडकीत राहिल्या. अर्डिसला त्या दिसल्या तेव्हा सूर्य कलला होता. गोळ्या घेऊन ती कुंपणापर्यंत गेली. तिथे थांबली. आत्ता आत गेले तर ह्याची शिकार घालवेन, मग आठवडाभर घुम्यासारखा बसेल, असं म्हणून परत फिरली आणि बटाटे उकडायला ठेवले. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नसायचे.

अंधार पडल्यावरही तो आला नाही, म्हणून मी बॅटरी घेऊन गेलो. तो मचाणाच्या कोपऱ्याला टेकून बसलेला होता, बंदूक मांडीवर. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तर वाचलाही असता, किंवा नसताही. असलं उत्तर देण्यापेक्षा त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

चौथ्या दिवशी अर्डिस कामावर हजर. लोकांनी आणून दिलेली जेवणाची भांडी तिने घासून ज्याची त्याला परत केली. गावात सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली? तिच्या मनाला काही लागतच नव्हतं. मी मुद्दाम चिखलाचे बूट घालून फरशीवर गेलो, तर तिने नुसतं बघितलं आणि पुसून घेतलं. कुंपणाची गोष्ट तिने मला वसंतात सांगितली, बशा पुसता पुसता, बाजारभाव सांगावा तशी. मी म्हणालो, "तुझी काय चूक? मीसुद्धा परतच फिरलो असतो." ती म्हणाली, "हो," आणि पुढची बशी घेतली. मला रडू आलं, तिला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात मी भीतभीतच विचारलं, "व्हर्लिनच्या मचाणावर बसू का?"

"बसायचं तर बस. लाकडंच आहेत ती."

आठवड्यानंतर अगदी तशीच दुपार आली. मी बसलो. पायांची बोटं केव्हाच बधिर झाली होती. सूर्य झाडांमागे गेला आणि दलदलीच्या कडेने एक नर बाहेर आला. इतकी शिंगं मी जन्मात पाहिली नव्हती. दोन पावलं टाकायचा, वास घ्यायचा, थांबायचा. आणखी थोडा पुढे आला की अंग माझ्याकडे वळणार होतं. मी बोट चापावर नेलं.

तेवढ्यात मागून मक्याची वाळकी ताटं कडाकडा मोडायला लागली. "ऑरिन! ए ऑरिन!"

नर एका उडीत दिसेनासा झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाली बघतो तर अर्डिस, शाळेच्या ॲप्रनवर व्हर्लिनचं नारिंगी जाकीट चढवून आलेली.

"काय गं? काय झालं?" मी खेकसलो.

"काही झालं नाही. तू आहेस का ते बघायला आले."

"आहे की! दिसत नाही?"

"दिसतोयस." ती दलदलीकडे बघत राहिली. "मोठा होता?"

"फार मोठा."

"रागावलास?"

"रागावणार नाही तर काय!"

"किती वेळ राहील राग?"

मी बंदुकीतली गोळी काढली. राग तोवर निम्मा ओसरलाही होता, आणि त्याचीच मला लाज वाटली. "जेवेपर्यंत," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "मग तेव्हा आत आले असते, तर एवढंच झालं असतं. एक हरीण पळालं असतं."

खोटं बोलायला मी तोंड उघडलं. पण अर्डिस माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "एक हरीण."