चौकातला दादा

लहानपणी सदानकदा मातीत हात घातलेले असायचे, म्हणून थोरल्या भावानं, दादानं, त्याचं नाव चिखल्या पाडलं. पुढं चिखल्या नावाजलेला शिल्पकार झाला. त्या मुलखाचा सगळा इतिहास त्यानं ब्राँझमध्ये उभा केला. कालवा खणणारे मजूर केले, मागावरच्या बायका केल्या, आणि महापुरात गावंच्या गावं वाचवणारा नावाडी केला.

त्या नावाड्याचं एकही चित्र कुठं शिल्लक नव्हतं. दादाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चिखल्यानं त्याचाच चेहरा घेतला. दादा म्हणजे जेवताना समोरच्याला ठसका लागेपर्यंत हसवणारा माणूस. पण वीरपुरुष दात काढत उभा कसा राहणार? म्हणून चिखल्यानं भुवया आवळल्या, जबडा घट्ट केला, वय वाढवलं. पुतळा बघून आई म्हणाली, "कुणावर रागावलाय रे हा?" त्यानं ते हसण्यावारी नेलं.

पुतळा चौकात बसला आणि इतका गाजला की तेच तोंड शाळांच्या भिंतींवर आलं, काड्यापेटीवरसुद्धा आलं. चिखल्या चौक टाळून लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला. मान वर केली की दादा बघायचा, पण ओळख द्यायचा नाही.

आई थकली. तिला माणसं आठवेनाशी झाली. एकदा दादाचा धूसर फोटो हातात घेऊन तिनं विचारलं, हा चौकातला नावाडी आपल्या घरात कशाला? तिचा मुलगा आपणच नेलाय, तो तिच्या हयातीत परत आणून द्यायचा, आणि हसता आणायचा, एवढं मनाशी धरून चिखल्यानं माती मळायला घेतली.

दिवसा ओठांवर हसू यायचं. सकाळी ओलं फडकं काढलं की ओठ मिटलेले. माती आकसते, असं तो स्वतःची समजूत घालायचा. पण माती काही भुवया आवळत नाही. बायकोनं एकदा डोकावून पाहिलं आणि चौकातलंच तोंड आलंय म्हणाली. हसताना दादाच्या गालाला खळी पडायची, ती तरी घालावी म्हटलं. उजव्या की डाव्या? दोन्ही गालांवरून अंगठा फिरवून झाला, तरी आठवेना.

शेवटी एका गालावर खळी दाबून त्यानं ओतकाम उरकलं आणि ते ब्राँझचं डोकं आईच्या पलंगाशी आणून ठेवलं.

"बघ कोण आलंय."

आईनं बराच वेळ पाहिलं. मग विस्कटलेली चादर नीट करून ती सावरून बसली.

"बसा ना," ती त्या डोक्याला म्हणाली. "आमचा थोरला येईलच आता बाहेरून. तुम्हाला हसवून हसवून बेजार करील."

आणि ती दाराकडे बघत राहिली. थोड्या वेळानं चिखल्याही बघू लागला.