रिकाम्या खोलीतलं बिऱ्हाड

ठाण्याजवळ दिवा गावात गोदाबाईची पाच खोल्यांची चाळ. नवरा गेला तेव्हापासून गळती, भांडणं, भाडेकरू सगळं ती एकटीच निस्तरते. यंदा दोन खोल्या एकदम रिकाम्या झाल्या. दोन महिने झाले, माणसं येत, डोकावत आणि जात. गाठीला तीन लाख होते, त्यापलीकडे दमडी नाही. ते चुकीच्या जागी गेले तर खोल्या रिकाम्या आणि हातही रिकामे.

मुलगा नयन वागळे इस्टेटमधल्या कामावरून येताना ठेकेदाराचा कागदच घेऊन आला. चकचकीत टाइल्स, भिंतीतली कपाटं, छताला पीओपी.

"आये, खोली दिसाया पाहिजे. सहा हजाराचं भाडं नऊ होईल."

"कोन देल नऊ? तुजा सासरा?"

सून निशिगंधा फिस्सकन हसली. बाप तिचाच होता.

गोदाबाईची रीत वेगळी. खोलीवर पैसा घालायचा तर आधी त्या खोलीत राहायचं. तिचा बाप मिठागरात पाणी घ्यायच्या आधी वाफा अनवाणी तुडवायचा. जमीन कुठं पाणी पिईल ते तळव्याला कळतं, म्हणायचा.

सोमवारी सकाळी तिनं स्टो, तांदूळ, वळकटी उचलली आणि शेवटच्या रिकाम्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. शेजारची जया आठ वर्षांची जुनी भाडेकरू. ती दारात येऊन उभी राहिली.

"काय मावशी, नवीन भाडेकरू वाटतं?"

"हां गो. मालकीन लय कजाग हाय म्हनतात. खरं?"

"एकदम खरं!"

तेवढ्यात गल्लीतल्या नळाला पाणी आलं. पाऊण तासाचा खेळ. सत्तरीला टेकलेली गोदाबाई रांगेत उभी राहून हंडे वाहत होती. पिंप ठेवायला जागा एकच, दारामागे. त्यामुळं दार अर्धंच उघडे. दुपारी तिनं मोरीत लुगडं धुतलं, तर पाणी उलटं फिरून स्टोखाली आलं.

"आठ वर्सं अशी राहतेस? बोलली नाय कदी?" तिनं जयाला विचारलं.

"बोलले असते तर भाडं वाढवलं असतंत."

गोदाबाईनं स्टो उचलून कोरड्यात ठेवला. तिनं वाढवलंच असतं.

दुसऱ्या दिवशी नयन हटकायला आला. तिनं त्याच्या हातात हंडा दिला. "दोन खेपा घाल, मंग टाइल्सचं बोलू." तिसऱ्या खेपेला त्यानं बूट काढून दाराबाहेर ठेवले.

बुधवारी तिनं ठेकेदाराला हिशोब सांगितला. अंगणात जमिनीखाली टाकी, वर मोटर, घरोघर नळ, पाचही मोऱ्या फोडून नीट उतार. दोन लाख ऐंशी हजार. उरलेल्या विसात रंग.

"जिथं माणसं राहतायत तिथं कशाला खर्च, आये?"

"राहतायत म्हनूनच. जया उठली तर तिसरी खोली रिकामी. मी धरम नाय करीत हाय."

भाडं मात्र जुन्यांचं तेच ठेवलं, नव्या दोन खोल्यांना पाचशे जास्त. काम चाललं तेवढे दिवस ती तिथंच राहिली, गवंड्याला पाणी ओतून उतार दाखवायला लावत.

रंग वाळला त्या रविवारी सुमित आणि पायल हे नवीन जोडपं खोली बघायला आलं. सुमित छत बघत राहिला. पायलनं भिंतीकडं पाहिलंही नाही. सरळ मोरीत जाऊन तिनं नळ सोडला, पाणी कुठं जातंय ते पाहिलं आणि नळ बंद केला.

"कधी येऊ राहायला?"

नयन काहीतरी बोलणार होता. गोदाबाईनं त्याच्या हातात वळकटी दिली.

"थांबा जरा," ती पायलला म्हणाली, "माजा स्टो तेवढा हलवते."